जीन्सची नदी

अंबरनाथ (प.)
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय अंजनी,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. जे झालंय ते मला, आणि तेही एवढंसंच. वर्गातल्या पोरांवर आयुष्यभर ओरडून माझ्या स्वरयंत्रावर गाठ आली होती. डॉक्टरांनी ती काढली. तपासणीत साधी निघाली, त्यामुळे काळजीचं कारण नाही. पण आता बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने म्हणे घशाला जास्त ताण पडतो. मोबाइलवर लिहायला घेतलं, तर तो आगाऊपणे 'अंजे'चं 'अंडे' करतो. म्हणून हे पत्र. आमची सून चैत्राली रोज तुमच्या कॅम्प पाचच्या बँकेत नोकरीला येतेच, तिच्याच हातून पाठवते आहे.

मी बोलत नाही म्हणून आमच्या ह्यांनीही बोलणं सोडलंय. काल चहा हवा होता, तर हवेत कप धरून फुंकर मारून दाखवली. मला ऐकू येतं, हे त्यांच्या लक्षातच राहत नाही.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत बदलापूरला बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन आहे. चैत्रालीने मला न विचारता माझं नाव दिलंय आणि त्यांनी मला एक अख्खी भिंत दिलीय. अंजे, कापडाची चित्रं मी शाळेच्या बोर्डासाठी केली, गॅदरिंगच्या पडद्यासाठी केली. खाली नाव नेहमी शाळेचं. माझ्या नावाने टांगलं जाईल असं हे पहिलंच.

चित्र सोबतच्या पिशवीत आहे. आपल्या लहानपणची बदलापूरची नदी. डोंगर हिरव्या खणांचा, काठ तपकिरी खादीचा, नदी निळ्या सॅटिनची. पाण्यात पोहणारी मुलगी मी, काठावर दोघींचे फ्रॉक मांडीवर घेऊन बसलेली तू. सगळे छान म्हणतात. मला मात्र ते बघितलं की जेवणात मीठ राहून गेल्यासारखं वाटतं. काय चुकलंय ते तू सांग. लोकांचे कपडे एवढी वर्षं शिवतेस, तुझ्या नजरेला कळेल. आणि खरं सांग. गोड बोलायला इथे घर भरलेलं आहे.

तुझी
उमा

---

कॅम्प ५, उल्हासनगर
१५ नोव्हेंबर

उमे,

आधी घशाचं कळवायचं होतंस ना गं! मी आपली फोन लावतेय, तू उचलत नाहीस, मला वाटलं रिटायर झाल्यावर भाव वाढला हिचा.

चित्र भिंतीला टाचून दोन दिवस बघितलं. खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते. टाके तुझे एकदम झकास आहेत, माझ्याकडे ब्लाउज शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवले. पण उमे, ती नदी नाही. ते लग्नाच्या हॉलचं स्टेज आहे. सॅटिन किती चमकतंय! आता त्याच्यावर नवरा-नवरी येऊन बसतील असं वाटतं. आपली नदी कुठे अशी होती? मधे निळी, काठाला मातकट, दगडाजवळ पांढरी, संध्याकाळी काळपट.

खाली धर्मेशच्या कारखान्यात जीन्स शिवतात. त्याच्याकडून एक गोणी कतरन मागितली, कापून उरलेले तुकडे. तो म्हणाला, "अदी, आप जीन्स पहनने लगे क्या?" सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, आणि हा मला चिडवल्याशिवाय काही देत नाही. मी म्हटलं, नदी बनवायचीय. त्यावर त्याने स्वतः निवडून दिली. बघ किती निळे आहेत त्यात! नवे कोरे, धुतलेले, घासून पांढरे केलेले. चैत्रालीला उचलायला सांग, तू उचलू नकोस.

दुसरं एक. काठावरची ती मी आहे होय? तिकीट तपासनीस बसलाय असं वाटतं. एवढी गंभीर मी कधी होते?

घसा सांभाळ. भावोजींना सांग, खुणा कमी, कामं जास्त.

अंजनी

---

अंबरनाथ (प.)
९ डिसेंबर

प्रिय अंजनी,

उशीर झाला. खरं तर मी रुसले होते. 'लग्नाच्या हॉलचं स्टेज' हे शब्द वाचून चित्र कपाटावर टाकलं आणि तुझी गोणी गॅलरीत. मग एका दुपारी हे त्या गोणीवर पाय सोडून पेपर वाचत बसलेले दिसले, तेव्हा मला माझीच लाज वाटली. सॅटिन उसवून टाकलं. उसवताना कुठेतरी बरंही वाटत होतं.

जीन्सचं कापड म्हणजे काय प्रकरण आहे गं! सुया वाकल्या, दोन मोडल्या, अंगुस्तान घालूनही बोटं सुजली. पण धर्मेशला माझा नमस्कार सांग. ज्या कडा उसवून पांढऱ्या झाल्या होत्या त्या मी तशाच ठेवल्या आणि दगडांपाशी लावल्या. पाणी फुटल्यासारखं दिसतंय. नदी आता खरंच वाहते.

आणि ती वाहायला लागल्याबरोबर बाकीचं सगळं मेल्यासारखं दिसायला लागलं! डोंगर नुसता खणांचा ढीग वाटायला लागला. तो काढला, जुन्या गोधडीच्या तुकड्यांचा नवा केला. मग आभाळ खोटं वाटलं. ते बदललं. एक बगळा लावला, काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. ह्यांनी हात जोडून खूण केली, आता पुरे. चैत्रालीही म्हणते, "आई, झालंय हो." पण नाही झालेलं. चित्रासमोरून जाता-येता माझा हात आपोआप सुईकडे जातो.

तुझा चेहरा तीनदा उसवला. हसरी केली तर भोळसट दिसतेस. डोळे खाली घातले तर दुःखी. तू त्या काठावर बसलीस की काहीतरी बिघडतं, आणि तुला काढलं तर चित्र माझं एकटीचं होतं, ते मला नको आहे.

घसा हळूहळू बरा होईल म्हणतात. त्याचं काही विशेष नाही.

उमा

---

कॅम्प ५
१३ डिसेंबर

उमे,

रुसलीस तर रुसलीस, कळवून तरी रुसायचं. मी इथे घशाचं काय झालं म्हणून चैत्रालीच्या बँकेत जाऊन आले. पासबुक भरायचं निमित्त केलं.

तुझं पत्र वाचून मला एक विचारायचंय. त्या काठावर मी काय करत होते, हे तुला माहितीये का? तू पोहत होतीस, तुझं लक्ष नव्हतं. मी कपड्यांवर पहारा देत होते. एकदा म्हशीने तुझ्या फ्रॉकचा पट्टा चघळला होता, आठवतंय? तुझ्या आईने मलाच झापलं. तेव्हापासून मी दोघींचे फ्रॉक मांडीवर घेऊन बसायचे आणि म्हशींकडे बघायचे. तुझ्याकडे नाही, नदीकडे पण नाही! म्हणून तर तो चेहरा तुला सापडत नाहीये.

आणि पाण्यात मी कधी उतरलेच नाही. तू शिकवते म्हणायचीस, मी उद्या म्हणायचे. भीती वाटायची गं, दुसरं काय. पाय खाली टेकणार नाही, ह्या विचारानेच मी काठावर बसून राहायचे. बासष्ट वर्षांची झाले, अजून गुडघ्याच्या वर पाणी फक्त कॅम्पातल्या रस्त्यावर पावसाळ्यात बघितलंय.

म्हणजे ह्या चित्रात मजा सगळी तुझी आणि ड्यूटी माझी. तसंच होतं ते, मी तक्रार करत नाहीये. पण तू एवढी खटपट करून माझी ड्यूटी शिवत बसलीयेस, तर ती कशी छान दिसेल?

अंजनी

---

अंबरनाथ (प.)
२ जानेवारी २०२५

प्रिय अंजनी,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग मला वाटलं उत्तर सापडलं. तुला काठावरून उसवलं आणि सरळ पाण्यात घातलं, माझ्या शेजारी.

तू बुडताना दिसायला लागलीस.

हात वर केले तर मदत मागतेस असं वाटतं. हात खाली केले तर सगळं संपलंय असं वाटतं. ह्यांनी चष्मा लावून बघितलं आणि मग मला गळ टाकून ओढायची खूण करून दाखवली. मला हसू आलं नाही. तुला बाहेर काढलं, पुन्हा काठावर ठेवलं. पुन्हा तीच तिकीट तपासनीस.

तू जिथे बसायचीस तिथलं खादीचं कापड इतक्यांदा टाके घालून, काढून चाळणीसारखं झालंय. अंजे, मला वाटतं माझ्याच्याने होत नाही. बोर्ड सजवणारी बाई ती बोर्ड सजवणारीच. चैत्रालीला सांगणार आहे की माझं नाव काढून घे. भिंत दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तुझी मुलगी आली होती का?

उमा

---

कॅम्प ५
७ जानेवारी

उमे,

नाव काढायचं नाही. मी चैत्रालीला सांगून ठेवलंय, तू लिहून दिलंस तरी तिने ऐकायचं नाही.

आता रागावू नकोस. चैत्रालीने मला सगळं सांगितलंय. बोलायला लागा म्हणून डॉक्टरांनी तुला डिसेंबरच्या सुरुवातीलाच सांगितलं. घरी येऊन तू दार लावून एकदा बोलून बघितलंस. तिला बाहेर ऐकू आलं. त्यानंतर तू तोंड उघडलं नाहीस. घरातले बाकीचे सगळे तुला अजून मनाई आहे असं धरून चाललेत, भावोजी बिचारे अजून खुणा करतायत!

मी तुला बोल म्हणणार नाही. तो आवाज कसा आला असेल आणि तुला काय वाटलं असेल, ते मला कळतं. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता तुझा. नाही बोलायचं तर नको बोलूस, आपल्या दोघींपुरतं मी बोलेन.

पण रविवारी सकाळी तयार राहा. चैत्राली गाडी काढतेय. आपण नदीवर जाऊ. बदलापूरच्या पुढे वांगणीकडे जाताना काठाला खडक आहेत आणि आता पाणी उथळ असतं, चैत्रालीने ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून घेतलंय. एवढे महिने तू आठवणीतली नदी शिवतेस. खरी नदी ट्रेनने पंधरा मिनिटांवर आहे आणि आपण दोघी शेवटच्या कधी गेलो, मला तरी सांगता येत नाही.

खायला दाल-पकवान मी आणते. तू पेन्सिल आण.

अंजनी

---

अंबरनाथ (प.)
१४ जानेवारी, संक्रांत

प्रिय अंजे,

तिळगूळ घे. आज दारावर येणारा जो तो मला गोड बोला म्हणतोय. मी म्हणते, नुसतं बोलता येतंय ते पाहा.

रविवारचं तुला काय लिहायचं, तू तिथेच होतीस. पण तुझी पाठ माझ्याकडे होती आणि पुढचा बराच वेळ तू पाण्यात होतीस, त्यामुळे तुला न दिसलेलं सांगते.

मी खडकावर बसून वहीत पलीकडचा काठ काढत होते. तिकडे आता एवढ्या इमारती, की डोंगर त्यांच्या मागून मान वर करून बघतो. मनातून मी खट्टू झाले होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "उमे, मी जरा जाऊन येते." मला वाटलं चप्पल धुवायला चाललीस. वर बघते, तर तू निऱ्या वर खोचून सरळ पाण्यात निघालेली! घोटे बुडाले, पोटऱ्या बुडाल्या. माझी पेन्सिल हातात तशीच. तू दोन्ही हात पसरून एकेक पाऊल टाकत होतीस, आणि मला तुझा चेहरा दिसत नव्हता. तो काय असेल, ह्याची मला एवढी उत्सुकता लागली होती की बस.

मग शेवाळ आलं.

तू घसरलीस ती बसलीसच, कमरेपर्यंत पाण्यात, साडी चारी बाजूंनी फुगून वर आली. आणि मी ओरडले, "अंजे! उजवीकडे दगड आहे, धर त्याला!"

दगड धरायचा सोडून तू मागे वळलीस. "उमे, तू बोललीस!"

"बोलले काय, ओरडतेय! दगड धर आधी!"

"परत बोल की!"

"अगं बाई, दगड!"

आपला हा संवाद चैत्राली गाडीला टेकून ऐकत होती. हसून हसून ती खालीच बसली. मी चपलांसकट पाण्यात कधी शिरले ते मला कळलं नाही. तुला उठवायला गेले आणि तूच मला खाली ओढलंस. ते चुकून नव्हतं, हे मला पक्कं माहिती आहे.

आवाज कसा होता, ते तू ऐकलंसच. फाटलेला, जाडाभरडा, पुरुषी. दार लावून एकटीने ऐकला तेव्हा मला रडू आलं होतं. तिथे मात्र त्याची आठवणही झाली नाही, कारण तुला दगड धरायला लावायचा होता. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "चहा ठेवू का?" ह्यांनी दचकून हातातला रिमोट टाकला. तो उचलत म्हणाले, "ठेव. दोन कप ठेव."

पण मी ह्या पत्राला बसले ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. तू चैत्रालीची ट्रॅक पँट घालून पकवान खात होतीस, तेव्हा तुझी जांभळी साडी काळ्या खडकांवर लांबच लांब वाळत पडली होती, एक टोक अजून पाण्यात. शेजारी माझी पिवळी ओढणी. माणूस कुणी नाही, नुसती नदी आणि ती दोन कापडं. अंजे, मी एवढे महिने जे करायला बघत होते, ते माझ्यासमोर वाळत पडलं होतं.

पदराजवळ साडी दगडाला अडकून फाटलीय ना? तो तुकडा मला दे. कापायला जिवावर येत असेल तर नको.

उमा

---

कॅम्प ५
१८ जानेवारी

उमे,

फाटका तुकडाच नाही, चांगला हातभर पदर पाठवलाय. उरलेल्या साडीचा ड्रेस शिवीन. धुतला नाही, नदीचं पाणी आहे त्यात, बघ तुला उपयोग होतो का.

तुला माझा चेहरा दिसला नाही म्हणतेस, तर मी सांगते कसा होता. मी हसत होते. पाणी घोट्याला लागलं तेव्हा एवढं गार होतं की तोंडातून 'आई गं' निघालं, आणि मग कळलं की पायाखाली जमीन आहे. पुढच्या पावलालाही होती. त्याच्या पुढच्यालाही. मी आतापर्यंत समजत होते की नदी म्हणजे उतरलं की गेलंच. अगं, ती हळूहळू खोल होते! कुणी सांगितलंच नव्हतं. तू सांगितलं असशील, पण मी म्हशींकडे बघत असेन.

पडले तेव्हाही भीती वाटली नाही. बूड टेकलं होतं ना. आणि तुझा आवाज ऐकला आणि बाकी सगळं विसरले. फाटका वगैरे काही नाही हां. भारदस्त आहे. धर्मेशच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागशील.

तुला ओढलं ते मुद्दामच ओढलं.

अंजनी

---

अंबरनाथ (प.)
८ फेब्रुवारी

प्रिय अंजे,

झालं.

दोन्ही मुली काढल्या. जिथे तुला शिवून-उसवून कापडाची चाळणी झाली होती, तिथे खडक आले. खडकांसाठी करडं कापड मिळेना, तेव्हा ह्यांची कारखान्यातल्या नोकरीच्या दिवसांची पँट मागितली. "ती मी अजून घालू शकतो," म्हणाले. घालून बघितली, आणि मग स्वतःच कात्री आणून दिली. खडकांवर तुझा पदर पसरला, त्याला कडेने टाके घातले नाहीत, फक्त वरून धरला. एक टोक नदीत सोडलं. जीन्सच्या त्या निळ्यावर जांभळं असं काही बसलं की मी दोन पावलं मागे गेले. ओढणीचा तुकडा शेजारी. डोंगर इमारतींच्या मागे ढकलला, जसा आहे तसा. इमारती कापडाच्या ताग्याच्या किनारीच्या केल्या, त्यावरची मिलची छापील अक्षरं राहू दिली.

काल सकाळी चित्रासमोरून गेले, थांबले, बघितलं आणि आत जाऊन गॅसवरचं दूध उतरवलं. दुधावर साय धरल्यावर माझ्या लक्षात आलं की आज हात सुईकडे गेला नाही. संध्याकाळी पुन्हा मुद्दाम जाऊन उभी राहिले. काही काढावंसं वाटलं नाही, काही घालावंसं वाटलं नाही. चांगलं आहे की नाही, ते लोक ठरवतील. पण ते झालंय, एवढं मला कळतं.

खाली दोघींची नावं घातली आहेत. वाद घालू नकोस, पदर तुझा आहे.

प्रदर्शन बावीस तारखेला. आता फोनवर सांगता आलं असतं, पण पत्राची सवय लागलीय.

उमा

---

कॅम्प ५
२४ फेब्रुवारी

उमे,

परवा प्रदर्शनाहून घरी आल्यावर झोपेपर्यंत तुझाच फोन चालू होता, तरी एक सांगायचं राहिलं. ते लिहायचंच होतं, म्हणून फोनवर बोलले नाही.

तू आयोजक बाईंशी बोलायला गेली होतीस तेव्हा मी आपल्या चित्राजवळ खुर्चीवर बसले होते. दोन म्हाताऱ्या आल्या, जवळपासच्या गावातल्या असाव्यात, नऊवारी नेसलेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. एक म्हणाली, "बाया कुठं गेल्यान गो?"

दुसरी जवळ वाकून साडीचं नदीतलं टोक बघून म्हणाली, "पान्यान आसतीन. कपरं सुकली का येतीन."

आणि पुढच्या चित्राकडे गेल्या. उमे, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हसू पण आलं. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, मी त्यातलीच एक आहे. तिला वाटलं असेल, म्हातारी कामातून गेली.

तर आता ऐक. मी स्विमिंग पूलमध्ये नाव घातलंय. बायकांची सकाळची बॅच आहे. शिकवणारी पोरगी माझ्या मुलीपेक्षा लहान. तिने विचारलं, "काकी, पाण्याची सवय आहे का?" मी म्हटलं, एकदा बसून आलेय. धर्मेश म्हणतो, "अदी, अब समंदर का ऑर्डर आयेगा." त्यानेच कुठून तरी पोहण्याच्या ड्रेसचं कापड आणून दिलं, काळं, ताणलं जाणारं. दुकानात माझ्या अंगाचा ड्रेस मिळत नाही, म्हणून मीच शिवणार आहे.

फक्त एक अडचण आहे. इतकी वर्षं सगळ्या कॅम्पाची मापं घेतली, पण स्वतःचं घ्यायला गेले तर टेप पाठीमागे सुटून पडतो. रविवारी ये. एक टोक तुला धरायचंय.

अंजनी